डाउनलोड मोजता, बाई कुठे मोजता?

डिजिटल ग्रंथालयांचे अहवाल आकड्यांनी भरलेले असतात. नोंदणी किती, भेटी किती, डाउनलोड किती. आकडा चढला की सेवा चांगली. हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. शेतात दिवसभर राबणारी बाई जनगणनेत वर्षानुवर्षं ‘काम न करणारी’ म्हणून लिहिली गेली. स्त्री-चळवळीनं आवाज उठवला, तेव्हा कुठे १९९१च्या जनगणनेत प्रश्नातच बिनमोल कामाचा उल्लेख आला. बाई तीच, काम तेच. प्रश्न बदलावा लागला.

इथेही प्रश्नच चुकतो आहे. ई-पुस्तकांचा व नियतकालिकांचा वापर मोजायला ‘काउंटर’ नावाची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. ती इतकी काटेकोर की तोच लेख ३० सेकंदांत दोनदा उघडला तर एकदाच धरते. परवाना नाही म्हणून वाचकाला लेख मिळाला नाही, तर त्या नकाराचीही नोंद होते. पण जिच्या हाती फोनच नाही, तिला मिळालेला नकार कोणत्या रकान्यात लिहायचा?

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. बायांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के, ग्रामीण बायांमध्ये जेमतेम २५. २०१८ साली देशाला अर्पण झालेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सर्वांना खुलं आहे, हे चांगलंच. पण दार उघडं असणं वेगळं आणि दारापर्यंत पोचता येणं वेगळं. ‘बायांना वाचनाची आवडच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आधी घरातला एकुलता फोन कुणाच्या खिशात असतो ते सांगावं.

आणि पोचलेल्या बाईचं काय? तिनं ‘पोटगी’ असा शब्द टाकला आणि नोंदी इंग्रजीतच असल्या, तर पडद्यावर शून्य येतं. अहवालात मात्र तीही एक ‘भेट’! उतरवून घेतलेलं, पण कुणी न उघडलेलं पुस्तक म्हणजे एक डाउनलोड. बचत गटात एकीनं वीसजणींना वाचून दाखवलेलं पुस्तकही एकच डाउनलोड. मग हा आकडा नेमकं काय सांगतो?

मैत्रिणींनो, मोजणी नको असं आपलं म्हणणं नाही. मोजा, पण नीट मोजा. मराठीतल्या किती शोधांना काहीच मिळालं नाही, ते जाहीर करा. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून किती बाया या सेवेपर्यंत पोचल्या आणि किती का पोचल्या नाहीत, ते त्यांनाच विचारा. मात्र मोजणीच्या नावाखाली पाळत नको. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याबद्दल कोण वाचते आहे, याची नावानिशी नोंद ठेवाल, तर तीच नोंद तिच्या जिवावर बेतू शकते. संख्या हवी, नाव नको.

रंगनाथनांनी १९३१ सालीच ग्रंथालयाची कसोटी वाचकापाशी आणून ठेवली. तो वाचक बाईही असते, एवढं तरी आता मोजणाऱ्यांना कळायला हवं. आपल्या भागातल्या ग्रंथालयाचा पुढचा अहवाल मागून घ्या, आणि पहिला प्रश्न विचारा: यात आम्ही कुठे आहोत?