केवळ वर्तमानाचा उपदेश

अलीकडे चिंतन-शिबिरांतून, भिंतीवरच्या दिनदर्शिकांतून आणि, कबूल करतो, आम्हा धर्मगुरूंच्या प्रवचनांतूनही एक उपदेश सर्रास ऐकू येतो : भूतकाळ सरला, भविष्य आलेले नाही, म्हणून सुखी व्हायचे तर केवळ वर्तमानात जगा. डोंगरावरील प्रवचनातील उद्याच्या चिंतेविषयीचे वचन आधाराला जोडले जाते. हा उपदेश मला मान्य नाही. प्रभूने चिंता नको म्हटले, पेरणी नको म्हटले नाही. आकाशातील पक्ष्यांचा दाखला त्याने दिला खरा. पण ऐकणाऱ्यांत पेरणारे-कापणारे लोकच होते.

आमचा मूलचा मुलूख धानाचा. येथे बियाणे राखून ठेवणारा मनुष्य एकाच वेळी गेल्या हंगामात आणि पुढच्या हंगामात वावरत असतो. याच चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी होऊन गेले. १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना वेगळ्याच दिसणाऱ्या काही ओंब्या आढळल्या. त्या त्यांनी जपून ठेवल्या, पुढल्या वर्षी निराळ्या पेरल्या आणि कित्येक हंगाम निवड करीत राहिले. त्यातून जो बारीक तांदूळ निघाला, त्याला एका व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले : एचएमटी. तो आज कोणाच्या ताटात नाही?

मग या दूरदृष्टीने खोब्रागड्यांना काय मिळाले, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २०१८ साली ते वारले, तेही आर्थिक विवंचनेत. शेतकऱ्याच्या वाणावर त्याचा हक्क मानणारा कायदा २००१ साली झाला. तोवर तांदूळ बाजारभर पसरला होता. दोष त्यांच्या दृष्टीचा नव्हे. त्यांनी उद्यावर विश्वास टाकला, आपण त्यांचा उद्या सांभाळला नाही.

मानसशास्त्रज्ञही या बाबतीत आपल्या शिबिरवाल्यांपेक्षा सावध आहेत. झिम्बार्डो आणि बॉइड यांनी १९९९ साली माणसाची काळाकडे पाहण्याची दृष्टी मोजणारी प्रश्नावली मांडली. तिच्यात वर्तमानात जगण्याचे दोन प्रकार आहेत : एक आस्वादाचा, दुसरा ‘आपल्या हाती काहीच नाही’ असे मानणाऱ्या दैववादाचा. हा दुसरा प्रकार खिन्नतेशी निगडित आढळला. गतकाळाविषयी जिव्हाळा, आजचा आस्वाद आणि उद्याचे भान यांचा मेळ त्यांना हितकर वाटला. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात स्मरण, अवधान आणि अपेक्षा ही तिन्ही एकाच मनात नांदतात असे दाखवले, त्याला सोळाशे वर्षे झाली. आम्ही सेमिनरीत ते पाठ केले आणि व्यासपीठावर विसरलो.

ज्याचा पुढचा हंगाम सावकाराकडे गहाण पडला आहे, त्याला ‘आजचा क्षण जगा’ असे सांगणे म्हणजे कोणत्या वर्तमानात ढकलणे? आस्वादाच्या की दैववादाच्या? पोटभर जेवलेल्या वक्त्याने हे आधी स्वतःला विचारावे.

मागे पावसाळ्यात आमच्याकडे असेच एक शिबिर झाले. वक्त्यांनी सर्वांना डोळे मिटून फक्त ‘आता’चा अनुभव घ्यायला सांगितले. शेवटच्या बाकावरचे एक म्हातारबा हळूच उठून बाहेर आले. मी मागोमाग गेलो. ते चपला शोधत म्हणाले, “फादर, रागावू नका. आभाळ भरून आलं आहे, पऱ्हे काढायचे राहिले आहेत, आणि उद्या रोवणी आहे.”