दोष साच्याचा, शिक्षा जिभेला

गेल्या आषाढातली गोष्ट. जाफराबादच्या आमच्या घरी सासूबाईंचे वय आता ब्याऐंशी. कवळी हिरड्यांवर नीट बसत नाही, त्यामुळे भाकरी दुधात कुस्करून देणे आणि अधूनमधून काही मऊ, पौष्टिक भाजून वा वाफवून देणे हा आमच्या स्वयंपाकघराचा नित्यक्रम. नातवाने सुट्टीत येताना सिलिकॉनचे सहा-सहा वाट्यांचे दोन साचे आणले. ज्वारी-नाचणीच्या पिठात दही, किसलेला भोपळा, जिरे आणि थोडे तेल घालून मी त्यांत लहान खारे केक भाजू लागले. पहिले काही दिवस आईंनी ते आवडीने खाल्ले. मग एका सकाळी बशी दूर सारून त्या म्हणाल्या, “बाई, ह्याला साबणाचा वास येतोय.”

मी गार झालेला केक नाकाशी धरला. मला वास आला नाही. “आई, तुम्हाला भास होतोय,” असे म्हणून मी विषय मिटवला. यजमान म्हणाले, औषधांमुळे चव बदलली असेल. तर्क निराधार नव्हता. मेटफॉर्मिनसारख्या मधुमेहाच्या गोळीने काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते, आणि उतारवयात घ्राणशक्तीही मंदावते. दोष आईंच्या जिभेला देऊन आम्ही मोकळे झालो. त्या मात्र अर्धे खाऊन अर्धे ठेवू लागल्या. पुन्हा तक्रार केली नाही.

त्या सकाळी इन्सुलिन घेतात. पंधरवड्यानंतर एके दिवशी दहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. रक्तातील साखर मोजली, तर ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा ती सत्तरीच्या वर आली होती. मग लगेच मऊ भात खाऊ घातला. उशाजवळची बशी पाहिली, तर सकाळचा केक जवळजवळ तसाच होता.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी विचारपूस करायला आल्या. वाढदिवसाचे केक त्या घरूनच करून देतात. सारे ऐकून त्यांनी साचा मागितला आणि रिकामाच ओव्हनमध्ये दहा मिनिटे तापवला. दार उघडताच लिंबाच्या सुगंधी भांडी-साबणाचा दर्प स्वयंपाकघरभर पसरला. “वहिनी, केक तुम्ही स्वतः चाखला होता का?” त्यांनी विचारले. मी एकदाही चाखला नव्हता.

वाचकहो, हा साचा नेमका कशाचा असतो? वाळूत असते ते सिलिका. त्यातून मिळणाऱ्या सिलिकॉन या मूलद्रव्यापासून रासायनिक प्रक्रियेने हे लवचीक रबर तयार होते. मूलद्रव्याला आणि रबराला मराठीत आपण एकाच नावाने ओळखतो, म्हणून थोडा घोटाळा होतो. चांगल्या प्रतीचे साचे साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसतात. केक १७० ते १८० अंशांवर भाजला जातो आणि वाफ १०० अंशांची असते. तेवढ्याने साचा वितळत नाही. मात्र या रबरात तेल आणि तेलात विरघळणारी सुगंधी द्रव्ये मुरतात. साबणातला सुगंध थंड साच्यात दडून राहतो, तापल्यावर बाहेर पडतो आणि पदार्थातल्या स्निग्धांशात उतरतो. म्हणूनच वास गार केकच्या पृष्ठभागावर नव्हता, घासात होता.

त्यानंतर मी वहिनींबरोबर गावातल्या आणखी दोन-तीन घरगुती केक करणाऱ्या भगिनींशी बोलले. त्यांचे अनुभव एकमेकींशी जुळणारे निघाले. केक अलगद सुटतो, तूप-तेल कमी लागते, साचा हलका असतो आणि पडला तरी फुटत नाही. संधिवाताच्या बोटांना हे सोयीचे. पण केकचा तळ हवा तसा खरपूस होत नाही, कारण सिलिकॉन उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा शेकडो पटींनी कमी वेगाने वाहून नेते. दातांवाचून खाणाऱ्याला ही उणीव उलट सुखावणारी आहे. भाजायला चार-पाच मिनिटे अधिक लागू शकतात, एवढे ध्यानात ठेवावे.

एका भगिनीचा साचा मात्र जळाला. ओव्हन नसल्याने तिने कढईत वाळू तापवून साचा थेट त्या वाळूवर ठेवला होता. आचेवरच्या कोरड्या कढईचा तळ २३० अंशांच्या पुढे सहज जातो. साचा ठेवायचाच, तर उंच तिवईवर थाळी आणि थाळीत साचा, असा क्रम हवा. उघड्या ज्योतीशी किंवा ओव्हनच्या तापलेल्या सळईशी त्याचा स्पर्श होता कामा नये.

दुसरा धोका भाजण्याचा आहे. हा साचा लवलवतो. भरलेला साचा दोन्ही हातांनी उचलला की मध्येच वाकतो आणि गरम मिश्रण अंगावर सांडते. वृद्धांची त्वचा पातळ असते, त्यामुळे तीच उष्णता त्यांना खोलवर भाजते. म्हणून साचा आधी घट्ट थाळीत ठेवावा, मग त्यात पीठ ओतावे आणि थाळीसकट उचलावा. चुकून भाजलेच, तर तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई वा तूप लावू नये.

आता आरोग्याचा प्रश्न. सिलिकॉन तापल्यावर त्यातून सायलोक्सेन नावाची बाष्पशील द्रव्ये अल्प प्रमाणात बाहेर पडतात. नव्या साच्यातून ती अधिक आणि वापरागणिक कमी सुटतात. तेलकट पदार्थात ती अधिक उतरतात. यांपैकी तीन द्रव्यांना युरोपीय रसायन संस्थेने २०१८ साली विशेष चिंताजनक पदार्थांच्या यादीत घातले. ती निसर्गात दीर्घकाळ टिकून साचत राहतात, हे त्यामागील मुख्य कारण. जर्मनीतील जोखीम मूल्यमापन संस्थेच्या शिफारशीनुसार साचा २०० अंशांवर चार तास तापवला असता निघून जाणारा बाष्पशील अंश वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावा. तशी चाचणी आपल्याला घरी करता येणार नाही. पण याचा आशय सोपा आहे: साचा चांगला पक्व केलेला घ्यावा आणि पहिल्या वापराआधी घरीही एकदा तापवून घ्यावा.

घरी पाळायची पथ्ये अशी.

नवा साचा धुऊन, कोरडा करून, वेष्टनावर दिलेल्या मर्यादेच्या आत, १८० अंशांवर तासभर रिकामा तापवावा. त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दम्याच्या रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवावे.

खरेदी करताना साचा चिमटीत पिळून पाहण्याची रीत आहे. पांढरी रेघ उमटली, तर भेसळीचा संशय घ्यावा. पण ही खूण निर्णायक नव्हे, रंगीत साच्यांत ती एरवीही दिसू शकते. तापमानाची मर्यादा आणि ‘अन्नासाठी योग्य’ असा उल्लेख वेष्टनावर नसेल, तर साचा घेऊ नये.

धुताना गंधहीन, सौम्य साबण व कोमट पाणी वापरावे. साबणाच्या पाण्यात साचा रात्रभर भिजत ठेवू नये. वास मुरलाच, तर १८० अंशांवर वीस-तीस मिनिटे रिकामा तापवून साध्या पाण्यात उकळावा. चिकटपणा राहिल्यास खाण्याचा सोडा ओलसर करून चोळावा. गोड आणि लसूण-मसाल्याच्या पदार्थांसाठी साचे वेगळे ठेवावेत. साच्यात सुरी चालवू नये. चिरलेला वा कायमचा चिकट झालेला साचा टाकून द्यावा.

आमचे साचे दोनदा तापवल्यावर निर्गंध झाले. पहिला केक मी चाखला, मग बशी आईंपुढे ठेवली. त्यांनी घास घेतला, थोडा वेळ चघळला आणि म्हणाल्या, “आता बरं लागतंय.” बशी रिकामी झाली.

वृद्ध माणूस ताट दूर सारतो, तेव्हा वय, औषध आणि हट्ट ही तीन कारणे आपल्या ओठांवर तयार असतात. ती खरीही असू शकतात. सहा महिने ते वर्षभरात वजन आपोआप पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर वैद्यकीय तपासणी टाळू नये. इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने अन्न नाकारले, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावे. मात्र या साऱ्याआधी एक लहानसे काम करावे. त्याच ताटातला एक घास आपण स्वतः खाऊन पाहावा. तेवढे मी पहिल्या दिवशी केले असते, तर आईंना पंधरा दिवस अर्धपोटी राहावे लागले नसते.