वास्तूचा अभ्यास आणि आपले गाव

वास्तुशास्त्र म्हटले की आपल्याकडे दाराचे तोंड कोणत्या दिशेला आणि चूल कोणत्या कोपऱ्यात, एवढीच चर्चा होते. माणसे घरे, रस्ते, बाजार कसे उभारतात व त्यांत कशी राहतात, हाही अभ्यासाचा विषय आहे आणि त्यात कोणी आयुष्य वेचतो, हे आपल्या कानी क्वचितच येते. म्हणून मुंबईचे वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांच्या कार्याचा येथे विचार करावासा वाटतो.

मेहरोत्रा यांचा जन्म १९५९ चा. शिक्षण अहमदाबादेत व पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात. १९९० साली त्यांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला; पण इमारती बांधून ते थांबले नाहीत. शारदा द्विवेदी यांच्यासह मुंबईच्या जडणघडणीवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९९५ साली निघाला. पुढे ते हार्वर्डमध्येच प्राध्यापक झाले. २०१६ साली रणजित होस्कोटे व कैवान मेहता यांच्यासह त्यांनी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात स्वातंत्र्योत्तर भारतीय वास्तुकलेचे मोठे प्रदर्शन मांडले.

संशोधन, अध्यापन आणि प्रदर्शन ही तीन निराळी कामे नव्हेत, असे माझे मत आहे. संशोधनाने विषय कळतो, अध्यापनाने तो पुढच्या पिढीच्या हाती जातो. परंतु ज्यांच्या घरादारांचा हा विषय, त्या सामान्य माणसांसमोर तो येतो प्रदर्शनातच. तेथवर न पोहोचलेली विद्या अर्धीच राहते.

२०१३ च्या प्रयाग कुंभमेळ्याचा हार्वर्डच्या अभ्यासकांनी अभ्यास केला, त्यात मेहरोत्रांचा पुढाकार होता. नदीचे पाणी ओसरल्यावर वाळवंटात पंचावन्न दिवसांसाठी बांबू, दोर, कापड आणि पत्रे यांचे नगर उभे राहते व काम सरताच मोडले जाते. अशा तात्पुरत्या बांधणीलाही त्यांनी वास्तुकलेचा मान दिला. मग अरुणावतीकाठच्या आपल्या आर्णीत बाबा कंबलपोष यांच्या यात्रेत दुकाने, पाल, पाळणे यांची जी वस्ती उभी राहते, तिचा नकाशा आपण का काढू नये?

कोणी म्हणेल, हे अभियंत्यांचे काम. कलाशाखेचा येथे संबंध काय? त्या कुंभाच्या अभ्यासात धर्म, सार्वजनिक आरोग्य, व्यापार या विषयांचेही अभ्यासक होते. आपल्याकडे इतिहास, भूगोल, समाजशास्त्र, मराठी हे सारे विषय शिकविले जातात.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. अशी प्रदर्शने मुंबईत भरतात, ग्रंथ इंग्रजीत निघतात. तालुक्याच्या गावातील मुलाला दोन्ही दूर. इकडे धाब्याची मातीची घरे, लाकडी खांबांचे वाडे पडून त्या जागी सिमेंटचे स्लॅब येत आहेत. जुने घर गळते, त्याची डागडुजी परवडत नाही, हे खरे. घर पाडणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण पाडण्यापूर्वी त्याचे मोजमाप, एक छायाचित्र आणि ते बांधणाऱ्या गवंडी-सुतारांच्या आठवणी तरी टिपून ठेवता येतील.

त्यासाठी टेप, वही आणि सुटीचे चार दिवस पुरेत. स्नेहसंमेलनात रांगोळीच्या शेजारी एक भिंत या नकाशांना द्यावी. आपल्याच घराचा नकाशा भिंतीवर पाहून एखाद्या आजोबांनी ‘येथे आमची बळद होती’ असे बोट ठेवून सांगितले, तर आर्णीतही एक खरे प्रदर्शन भरले असे मी म्हणेन.