पावसाआधी एकदा तुमच्या पुलाखाली उतरा



एप्रिल संपत आला. बियाणं, खतं, औतं यांची तुमची धावपळ सुरू झाली असेल. या धावपळीतून अर्धा दिवस काढा. शेजारपाजारची चार माणसं बरोबर घ्या आणि गावातून तालुक्याला जाणारा रस्ता पायी चालून बघा. प्रत्येक मोरीपाशी थांबा. प्रत्येक पुलाखाली उतरा. ओढे कोरडे आहेत तोवरच हे बघता येतं. एकदा पाणी आलं की बघायला काही उरत नाही, फक्त सोसायला उरतं.

याच रस्त्याने तुमची मुलगी सायकलवरून शाळेत जाते. याच रस्त्याने दूध डेअरीत पोचतं. सासऱ्यांच्या छातीत रात्री कळ आली, तर १०८ ची गाडी याच रस्त्याने यायची असते. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीतल्या कितीतरी पाड्यांवर ती पोचूच शकत नाही. तिथे अडलेल्या बाईला आजही झोळीत घालून, चिखल तुडवत, ओढे ओलांडत न्यावं लागतं. काही जणी वाटेतच बाळंत होतात. काही बाळं दवाखाना बघतच नाहीत. रस्ता नसणं किंवा मोडका असणं याचा हिशेब शेवटी घरातल्या माणसांनी चुकवावा लागतो.

१५ जून २०२५ आठवा. रविवार होता. मावळ तालुक्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट नदीत कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. तो पूल धोकादायक असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. तसा फलकही तिथे होता. नव्या पुलाला मंजुरीही मिळाली होती. ठाऊक असणं, फलक असणं आणि मंजुरी असणं, या तिन्ही गोष्टी असूनही माणसं गेली. काम मात्र वेळेत झालं नव्हतं. तुमच्या गावाजवळ असा पूल आहे का? असेल, तर त्याचं काम कुठवर आलं, हे आजच विचारा.

विचारायचं कोणाला? इथेच बहुतेक गावं अडतात. ग्रामपंचायत म्हणते, जिल्हा परिषदेचा रस्ता. जिल्हा परिषद म्हणते, सार्वजनिक बांधकाम विभागाचा. तो विभाग म्हणतो, आमच्या यादीत नाही. म्हणून पहिलं काम हे करा: रस्त्याचा क्रमांक शोधा. सर्वसाधारणपणे राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. राज्यातल्या रस्त्यांची निम्म्याहून अधिक लांबी याच दोन प्रकारांत मोडते. गावाच्या हद्दीतल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. बहुतेक तालुक्यांत पंचायत समितीच्या आवारातच जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाचं कार्यालय असतं. तिथे उपअभियंता बसतात, शाखा अभियंता असतात. त्यांच्याकडे रस्त्यांची यादी असते. जा आणि विचारा: आमच्या रस्त्याचा क्रमांक काय? क्रमांक हातात आला की टोलवाटोलवी निम्मी संपते.

आता धोका नेमका कुठून येतो तो समजून घ्या. आपल्या रस्त्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे पाणी. कडेचा चर बुजला की पाणी रस्त्यावर तुंबतं. तुंबलेलं पाणी डांबराच्या भेगांतून खाली मुरतं. खालची खडी सैल होते, आणि वरून उसाची ट्रॉली किंवा मुरुमाचा डंपर गेला की खड्डा पडतो. काळ्या मातीच्या मुलखात तर जमीनच फुगते आणि आकसते, तिथे रस्ता आणखी लवकर खचतो. मोरीचं तोंड गाळाने आणि काट्याकुट्यांनी भरलं की पाणी मोरीवरून उड्या घेतं आणि दोन्ही बाजूंचा भराव ओढून नेतं. पुलाचं दुखणं तर दिसतही नाही. नदी पायाखालची माती हळूहळू काढून नेते. वरून पूल धडधाकट दिसतो, खाली पाया उघडा पडलेला असतो.

म्हणून खाली उतरा. मोरीत गाळ किती साचलाय, बघा. कठडा तुटलाय का? स्लॅबच्या खालून गंजलेली सळई दिसते का? दगडी बांधकामातले दगड निखळलेत का? सांध्यांत पिंपळ रुजलाय का? पुलाला लागूनचा भराव आत पोकळ झालाय का? पायाशी खड्डा पडलाय का? कोकणात असाल तर साकवाच्या फळ्या आणि आधार हलवून बघा. प्रत्येक ठिकाणाचा फोटो काढा. तारीख लिहा. जवळच्या खुणेचं नाव लिहा. शाळेतल्या मोठ्या मुलांना सोबत घेतलंत तर ही यादी एका सकाळीत तयार होईल. अभियंता तुम्ही नाही, व्हायचीही गरज नाही. तुम्ही डोळस आहात, तेवढं पुरे. दुखणं तुम्ही दाखवा, निदान त्यांना करू द्या.

पण दाखवलेलं कागदावर आलं नाही तर ते पहिल्या सरीबरोबर वाहून जातं. सरपंचांना वाटेत सांगितलं, सदस्याच्या कानावर घातलं, साहेबांना फोन केला, यातलं काहीच उरत नाही. आणि ऐकणारं माणूसही दर वेळी असतंच असं नाही. मार्च २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार कित्येक वर्षं प्रशासकांकडे होता. गटातून निवडून आलेला, गावात येणारा, दारात उभं करून जाब विचारता येईल असा सदस्यच नव्हता. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्या गावचं काम गावाजवळच ठरावं म्हणून. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींकडे सोपवण्यासाठी २९ विषयांची यादी दिली, त्यात रस्ते, मोऱ्या आणि पूल स्पष्ट लिहिलेले आहेत. हा कारभार तुमचा आहे. तुम्ही मागितलंत तरच तो तुमचा राहील.

म्हणून १ मेच्या ग्रामसभेला या. घरातल्या एकाने येऊन चालणार नाही, सगळ्यांनी या. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते. पुढच्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि मग मूठभर माणसं गावाचं ठरवतात. तसं होऊ देऊ नका. बायांनो, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. ती झाली नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे मागा. पाणी कुठे तुंबतं, पोरं कुठे घसरतात, रात्री कुठे गाडी अडते, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिथे बोला. फोटो दाखवा. ठराव लिहून घ्या. ठरावात रस्त्याचा क्रमांक, मोरीची किंवा पुलाची जागा, काय मोडलंय आणि कधीपर्यंत दुरुस्त व्हायला हवं, हे चारही मुद्दे येऊ द्या. ‘रस्ता दुरुस्त करावा’ एवढंच लिहिलेला ठराव फायलीत झोपून राहतो.

ठरावाची प्रत उपअभियंत्यांना द्या. एक प्रत कार्यकारी अभियंत्यांना, एक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. प्रत्येक वेळी पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. पूल हलत असेल, सळई उघडी पडली असेल, तर तहसीलदारांना वेगळं पत्र द्या. स्ट्रक्चरल ऑडिट मागा. तोवर जड वाहनं बंद करा म्हणून मागा.

कोणी सांगेल, निधी नाही. ऐकून परत फिरू नका. जिल्हा वार्षिक योजनेत ग्रामीण रस्त्यांसाठी पैसे ठेवलेले असतात. बांधकाम विभागात ३०५४ आणि ५०५४ हे आकडे ऐकू येतात ते याच पैशांच्या लेखाशीर्षांचे. कोणत्या रस्त्याला किती द्यायचं, हे जिल्हा नियोजन समितीत ठरतं, आणि ज्या गावाची मागणी कागदावर नसते ते गाव तिथे कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. तुमच्या तालुक्यातली कोणती कामं या वर्षी घेतली, हे विचारा. तुमचं का नाही, हेही विचारा. आणि गाळ काढायला, चर मोकळा करायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एक जेसीबी आणि दोन दिवस लागतात. ते तरी पावसाआधी करून घ्या.

तुमचा रस्ता प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला किंवा मुख्यमंत्री ग्राम सडक योजनेतला असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते. कडेला फलक असतो. त्यावर कामाचं नाव, लांबी, खर्च, ठेकेदार आणि तारखा असतात. तो वाचा. फोटो काढून ठेवा. पाच वर्षांच्या आत खड्डा पडला असेल, तर तो बुजवायला वेगळा निधी लागत नाही. ठेकेदाराला बोलवा म्हणून लेखी मागा.

दुरुस्ती सुरू झाली, तरी डोळा ठेवा. मेच्या शेवटी घाईघाईत खड्ड्यांतली माती न काढता वरून खडी आणि डांबर पसरलं जातं. दोन सरींत ते निघून जातं आणि कागदावर मात्र काम झालेलं असतं. तसं दिसलं तर गप्प बसू नका. भर पावसात डांबर टाकू देऊ नका. अंदाजपत्रकाची प्रत मागा. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा आहे. दहा रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये पडत नाहीत. या कायद्याने तुम्हाला फक्त कागद मिळत नाहीत. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क तुम्हाला आहे. तो वापरा. चार माणसं रोज कामावर येऊन उभी राहिली, की काम करणाऱ्याचा हातही नीट चालतो.

आणि आता एक गोष्ट हात जोडून. आपल्या हातात जे आहे ते आपण आधी करू या. साइडपट्टीवर नांगर घालू नका. बांध पुढे सरकवताना चर बुजला असेल, तर तो मोकळा करा. पाइपलाइन न्यायची असेल तर परवानगी घ्या, आणि रात्रीतून रस्ता फोडू नका. मोरीत उसाचं पाचट आणि प्लॅस्टिक टाकू नका. वीतभर जमीन सोडावी लागली, तर सोडा. त्या वितीतून तुमच्याच वावरातलं पाणी बाहेर जाणार आहे.

पाऊस सुरू झाला की वेळ आणखी कमी उरतो. पुलावरून पाणी वाहत असेल तर ओलांडू नका. ‘एवढंसं तर पाणी’ म्हणून दुचाकी घातलेली माणसं दर पावसाळ्यात वाहून जातात. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलतं, दोन फूट पाणी मोटारगाडी वाहून नेतं. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना पाळीने माणसं उभी करा. शाळेची गाडी अडवा, एसटी अडवा, शिव्या खाव्या लागल्या तरी अडवा. ११२ ला कळवा, १०७७ वर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला कळवा. घरात दिवस भरत आलेली सून असेल, तर तिला पाऊस बघून आधीच दवाखान्याजवळ हलवा. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत बाळंतपणाआधी राहण्यासाठी माहेरघराची सोय असते. आशाताईंना विचारा.

महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल गेला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. त्यानंतर पुढचा पावसाळा यायच्या तोंडावर तिथे नवा पूल उभाही राहिला. म्हणजे मनावर घेतलं तर काम होतं, आणि झपाट्याने होतं. तीच तडफ माणसं जायच्या आधी का दिसू नये? ती दिसावी म्हणून कोणीतरी आधी मागायला हवं. तुमच्या गावात ते कोणीतरी तुम्हीच आहात.

तुम्ही एकमेकांच्या लग्नाला धावता. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर बादल्या घेऊन पळता. मग शेजाऱ्याचं पोर वाहून जाण्याआधी एक सकाळ द्यायला तुम्ही नाही म्हणणार नाही. येत्या रविवारी सकाळी रस्ता चाला. सोमवारी क्रमांक विचारा. १ मेला ठराव करा. दुसऱ्याच दिवशी पोच घ्या. १५ मेपर्यंत मोऱ्या मोकळ्या झाल्या नाहीत, तर सगळ्यांनी मिळून पंचायत समितीच्या दारात जा, शांतपणे बसा आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. आज रात्री जेवण झालं की शेजारच्या दारावर थाप मारा आणि विचारा: रविवारी येता ना?