आयटीची खरी पुंजी : पत

नाशिक – विश्वास गमावण्याची किंमत काय असते, हे नाशिकच्या द्राक्ष उत्पादकांना वेगळे सांगावे लागत नाही. २०१० च्या हंगामात युरोपात पोचलेल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि निर्यातदारांना मोठा फटका बसला. निर्यातीपूर्वी मालाची तपासणी होत होती. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे रसायनच नव्हते. प्रयोगशाळा यादीत असेल तेवढेच शोधते. त्यापलीकडचा सारा व्यवहार विकणाऱ्याच्या शब्दावर चालतो, हा त्या हंगामाचा धडा होता.

नाशिकमधून आता द्राक्षे आणि कांद्याबरोबर सॉफ्टवेअरही परदेशी जाते. २००५ मध्ये येथे सुरू झालेल्या ‘ईएसडीएस’ने सातपूरला डेटा सेंटर उभारले. शहरात लहान-मोठ्या अनेक कंपन्या हजारो मैलांवरच्या ग्राहकांसाठी काम करतात. मात्र द्राक्षाचा मणी प्रयोगशाळेत तपासता येतो. अर्धवट झालेली संगणक प्रणाली ग्राहकाला उघडून पाहता येत नाही. काम किती झाले, कोणी केले आणि किती तास लागले, हे त्याला कंपनीने पाठविलेल्या अहवालावरूनच कळते. म्हणूनच या व्यवसायात प्रामाणिकपणा हा केवळ नीतीचा प्रश्न राहत नाही. तो विकल्या जाणाऱ्या मालाचाच भाग ठरतो.

खोटेपणाची सुरुवात ‘हो’ने

सॉफ्टवेअर व्यवसायातील अप्रामाणिकपणाचा आरंभ बहुतेक वेळा एका ‘हो’मध्ये असतो. सहा महिन्यांचे काम चार महिन्यांत हवे, असे ग्राहक म्हणतो. स्पर्धक ‘हो’ म्हणेल या भीतीने विक्री विभाग होकार देतो आणि ती तारीख प्रत्यक्ष काम करणाऱ्या टीमच्या माथी मारली जाते. पुढे दर आठवड्याच्या अहवालात ‘सर्व सुरळीत’ असा शेरा पडत राहतो. काम ‘नव्वद टक्के पूर्ण’ होते आणि उरलेले दहा टक्के महिनोन्‌महिने संपत नाहीत.

कराराचे स्वरूपही मोहाची दिशा ठरविते. ठराविक रकमेचे कंत्राट असेल, तर उशिराचा भुर्दंड कंपनीवर पडतो. मग पहिली कात्री टेस्टिंगला लागते. तासांवर बिल आकारले जात असेल, तर टाइमशीट फुगविण्याचा मोह होतो. अनुभवी अभियंता दाखवून प्रत्यक्षात नवशिक्याला कामाला लावणे किंवा दोन वर्षांचा अनुभव बायोडेटात पाच वर्षांचा करणे, हेही याच रोगाचे प्रकार. यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटते. खरा धोका तिथेच आहे.

‘सत्यम’चा धडा

क्षुल्लक वाटणारी तफावत कुठवर जाऊ शकते, याचे देशातील सर्वात मोठे उदाहरण ‘सत्यम कॉम्प्युटर’ हेच आहे. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून ताळेबंद खोटे असल्याची कबुली दिली. खरा नफा आणि दाखविलेला नफा यांतील अंतर आरंभी किरकोळ होते. वर्षागणिक ते आवाक्याबाहेर गेले, असे त्यांनीच त्यात नमूद केले होते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटी रुपयांचे उत्पन्न व ६४९ कोटींचा परिचालन नफा दाखविला होता. पत्रातील कबुलीनुसार प्रत्यक्ष आकडे २,११२ कोटी आणि अवघे ६१ कोटी होते. पुढील तपासात सात हजारांहून अधिक बनावट बिले उजेडात आली. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

त्याआधीच एक इशारा मिळाला होता. बँकेच्या कर्मचाऱ्यांना गैरलाभ दिल्याच्या कारणावरून जागतिक बँकेने ‘सत्यम’वर आठ वर्षांची बंदी घातली होती. ग्राहकाशी वागताना ढळलेला तोल आणि हिशेबातील खोट या दोन वेगळ्या गोष्टी नसतात, असेच यावरून म्हणावे लागेल.

या प्रकरणाची दुसरी बाजू महाराष्ट्राशी जोडलेली आहे. केंद्र सरकारने जुने मंडळ बरखास्त करून दीपक पारेख, किरण कर्णिक व सी. अच्युतन यांना नेमले. एप्रिल २००९ मध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘टेक महिंद्र’ने प्रतिशेअर ५८ रुपयांची बोली लावून कंपनी मिळविली, २०१३ मध्ये तिचे विलीनीकरण झाले. काही ग्राहक सोडून गेले, पण अनेक टिकले. ताळेबंद खोटा निघाला, तरी त्यांच्यासाठी रोज काम करणारे अभियंते खरे होते. कंपनी वाचली ती या शिल्लक राहिलेल्या विश्वासावर.

पुण्याची ठेच

त्याआधी २००५ मध्ये पुण्यालाही ठेच लागली होती. ‘एम्फसिस’च्या तेथील कॉल सेंटरमधील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकी खातेदारांचे पिन क्रमांक मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर लांबविल्याचे उघड झाले. संगणक फोडण्याची करामत त्यांना करावी लागली नव्हती. फोनवर बोलता बोलता खातेदारांचा विश्वास संपादन करणे पुरेसे ठरले. पुढच्याच वर्षी ‘नॅसकॉम’ने कर्मचाऱ्यांच्या पार्श्वभूमीची पडताळणी करणारी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. एका केंद्रातील मोजक्या लोकांच्या कृत्याने साऱ्या देशाच्या आउटसोर्सिंगवर प्रश्नचिन्ह लागले होते. द्राक्षांबाबत नाशिकने हेच अनुभवले.

विश्वास दुतर्फा हवा

नियमांमुळे सारे सुधारले, असे मात्र नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘विप्रो’ने प्रतिस्पर्ध्यांसाठी चोरून काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढले. मनुष्यबळ पुरविणाऱ्या संस्थांशी संबंधित तक्रारींच्या चौकशीनंतर ‘टीसीएस’ने ऑक्टोबर २०२३ मध्ये १६ जणांना सेवामुक्त केले आणि सहा पुरवठादारांना दूर ठेवले. त्याच ‘टीसीएस’ने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा नोकरीच्या शाश्वतीवर विसंबलेल्या अनेकांना धक्का बसला. निष्ठा मागणाऱ्या व्यवस्थापनाने आपली अडचण कर्मचाऱ्यांना वेळेवर सांगितली पाहिजे. वाईट बातमी आणणाऱ्यालाच जिथे बोलणी बसतात, तिथे पुढच्या खेपेस ती बातमी येतच नाही. टीम व्यवस्थापकाशी खोटे बोलते आणि व्यवस्थापक ग्राहकाशी. ही साखळी वरून खाली आलेल्या धाकातूनच तयार होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या प्रश्नाला नवी धार आणली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘डेलॉइट’च्या ऑस्ट्रेलियातील शाखेला तेथील सरकारला दिलेल्या अहवालाच्या शुल्काचा काही भाग परत करावा लागला. अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ होते आणि त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाल्याचा उल्लेख सुधारित आवृत्तीत प्रथमच करण्यात आला. यंत्राची मदत घेण्यास हरकत नाही. ती लपविणे आणि यंत्राने दिलेले न तपासता पुढे करणे, हा ग्राहकाचा विश्वासघात ठरतो.

लहान शहराचे मोठे भांडवल

बड्या कंपनीकडे एक ग्राहक गेला तरी दुसरे शंभर असतात. शिवाय पडझड सोसण्याइतका पैसा असतो. नाशिकमधील वीस-पंचवीस जणांच्या कंपनीचा पगार अनेकदा दोन-तीन ग्राहकांवरच निघतो. एक ग्राहक दुखावला, तर तो जाताना पुढच्या चार ग्राहकांची शिफारसही घेऊन जातो. पुण्या-मुंबईच्या तुलनेत कमी दर हे येथील कंपन्यांचे बलस्थान मानले जाते. परंतु त्याहून कमी दर देणारा कुणीतरी नेहमीच निघतो.

उपाय महागडे नाहीत. अंदाज देताना काम करणाऱ्यांना विचारावे. उशीर होणार असेल, तर ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे, कळल्या दिवशी सांगावे. बिलातील तास आणि खरे तास जुळावेत. कामावर कोण आहे आणि कोण नाही, हे ग्राहकाला ठाऊक असावे. चूक झालीच, तर ती ग्राहकाने शोधण्यापूर्वी आपण सांगावी. यातून क्वचित एखादे कंत्राट हातचे जाईल, हे खरे. पण खोट्या होकारावर मिळविलेले कंत्राट बहुधा तोट्यात आणि भांडणात संपते, हेही तितकेच खरे.

द्राक्षनिर्यातीने या साऱ्यावर वाट काढली ती बागेच्या नोंदणीपासून कंटेनरपर्यंत प्रत्येक टप्पा उघडा ठेवून. कोणती पेटी कोणत्या बागेतली, हे ‘ग्रेपनेट’वर शोधता येते. तपासणीची यादीही अनुभवातून वाढत गेली. सॉफ्टवेअरच्या अंतरंगासाठी अशी प्रयोगशाळा नाही. तिथे नोंद ठेवणारा आणि तपासणारा माणूसच असतो, आणि त्याचा शब्द हीच कंपनीची पत असते.