मायक्रॉन मोजले, माणूस राहिला

नाथषष्ठीला पैठणच्या घाटाकडे जाताना मी दरवर्षी पार्सल चहा घेतो. पातळ पिशवी, वर गाठ, आत वाफाळता चहा. तपासणीची कुणकुण लागली की टपरीवाला पिशव्यांचा गठ्ठा पोत्याखाली सरकवतो. सगळा गुन्हा जाडीचा! २०१८ मध्ये राज्याने बंदी आणली. पुढे केंद्राने पिशवीची किमान जाडी आधी ७५, मग ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. गटारांसाठी आणि गायींच्या पोटासाठी ठीक आहे. पण माझ्या पोटाचं काय?

पिशवीच्या पॉलिथिनला मऊ करायला थॅलेट लागत नाही. ते लागतं पीव्हीसीला: रेक्झिन, नळ्या, चपला, सलाइनच्या पिशव्या. ते प्लास्टिकला घट्ट बांधलेलं नसतं, म्हणून तेलातुपात सुटतं. बिस्फेनॉल-ए डब्यांच्या आतल्या लेपात असतं, आणि एटीएमच्या पावतीवरही सापडतं. तिला मायक्रॉनची पट्टी लावून काय कळणार?

कळतं ते लघवीतून. ही रसायनं एक-दोन दिवसांत शरीराबाहेर पडतात. एक नमुना कालच्या जेवणाचाच हिशेब देतो. म्हणून पुष्कळ माणसं, पुन्हा पुन्हा तपासावी लागतात. अमेरिकेने २००३-०४ मध्ये २,५१७ जणांची लघवी तपासली, तेव्हा ९३ टक्क्यांत बिस्फेनॉल-ए निघालं. जर्मनी तर १९८० च्या दशकापासून नमुने गोठवून ठेवते. उद्या नव्या रसायनाचा संशय आला, तर जुनी बाटली उघडता येते.

यातून आजार सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. थॅलेटमुळे नर उंदरांच्या गर्भाच्या जननेंद्रियांची वाढ बिघडते. माणसात संबंध दिसतो, कारण ठरवणं अवघड. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बिस्फेनॉल-एची मर्यादा वीस हजार पट कडक केली, तर जर्मनीच्याच संस्थेने ती अतिरेकी ठरवली. भांडोत बापडे! त्यांच्याकडे भांडायला आकडे आहेत. आपल्याकडे नुसती भीती, नाहीतर ‘काही होत नाही हो’.

‘परवडणार नाही’ हे उत्तर मला चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवाले घरोघर जाऊन बोटातून रक्त घेतात, मिठातलं आयोडीन बघतात. त्यातल्याच थोड्या घरांतून लघवीची एकेक बाटली घ्या. सगळ्या देशाची नको, निवडक जिल्ह्यांतली काहीशे माणसं घ्या. पैठणमधला विणकर घ्या, टपरीवालाही घ्या. माझी मी देतो. फक्त बाटली आधी तपासून आणा, तिच्यातूनच थॅलेट सुटायचं.