वजन किती, आणि कोठे?

चाकण-तळेगाव रस्त्याने पोलादाची भेंडोळी नेणारे ट्रेलर पाहिले की, वजनकाट्याची पावती हा सुरक्षिततेचा पुरावा मानावा काय, असा प्रश्न पडतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी आसाची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ आठव्या हिश्श्याची. पण रस्त्याची झीज आसभाराच्या साधारणपणे चौथ्या घाताने वाढते. म्हणजे ती दीडपटीहून अधिक! ही सवलत वाहतूकदाराला मिळाली, बिल मात्र करदात्याच्या नावे निघाले.

शिवाय पावती एकूण वजन सांगते, ते कोठे ठेवले हे सांगत नाही. भार मागच्या टोकाकडे गेला की सांध्यावरील दाब घटतो आणि ओढणाऱ्या गाडीच्या चाकांची पकड सैल होते. भेंडोळे नीट जखडलेले नसेल, तर जोराचा ब्रेक लागताच ते चालकाच्या पाठीवर येते.

२०१९ च्या दुरुस्तीने दंड वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, असा झाला. कलम १९४ वाहन चालविणाऱ्याबरोबर ते चालवावयास लावणाऱ्यालाही दोषी धरते. मग माल भरून देणारा फाटकाच्या आत निर्धास्त का असावा? जादा माल उतरविल्याखेरीज गाडी हलू देऊ नये, असेही कायदा म्हणतो. तो माल मध्यरात्री महामार्गावर उतरविण्यापेक्षा कारखान्याच्या काट्यावर उतरविणे केव्हाही सोपे.